मोराने पाडलेली फांदी

हे मनन सावकाश वाचण्यासाठी आहे. जिथे थांबा म्हटलं आहे तिथे खरोखर थांबा, मजकुरावरची नजर काढा आणि मन भरलं की पुढे या. खुर्चीत बसलात तरी चालेल, जमिनीवर बसलात तरी चालेल. पाठ सरळ ठेवा, खांदे सैल सोडा.

आज भयापाशी बसायचं आहे. ते घालवण्याचा प्रयत्न लगेच करायचा नाही. आधी ते कसं येतं, कुठून येतं, आल्यावर आपल्याकडून काय करवून घेतं, एवढंच पाहायचं. सोबतीला एक जुनं निवेदन घेतलं आहे. पाली त्रिपिटकातल्या मज्झिमनिकायात चौथं सुत्त आहे, भयभेरव सुत्त. रानात एकटं राहताना वाटलेल्या भीतीविषयी बुद्धांनी स्वतः तिथे सांगितलं आहे.

प्रसंग श्रावस्तीचा, अनाथपिंडिकाच्या जेतवनातला. जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण भेटायला येतो. क्षेमकुशल होतं आणि मग तो मनातलं बोलतो. दूरच्या अरण्यात राहणं फार कठीण, एकांतात रमणं कठीण. ज्याचं चित्त स्थिर नाही त्याचं मन हे रान हिरावून घेत असेल, असं त्याचं म्हणणं. बुद्ध त्याला धीराचे चार शब्द सांगून गप्प करत नाहीत. खरं आहे, असं म्हणतात. बोध होण्यापूर्वी मलाही असंच वाटत असे, हेही सांगून टाकतात.

मला या सुत्तात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा होकार. भीती वाटणं ही साधनेतली उणीव आहे असं पुष्कळांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. इथे ज्याला आपण शांतीची मूर्ती म्हणून ओळखतो, तो माणूस अंधाऱ्या रानात पान वाजलं की आपल्या मनात काय होत असे ते सांगतो आहे.

थोडं थांबा. शेवटचं कधी तुम्ही अंधारात अगदी एकटे होता, ते आठवा. गावाकडच्या घराच्या मागच्या पडवीत असेल, दिवे गेलेल्या जिन्यात असेल, घाटात गाडी बंद पडल्यावर असेल. गोष्ट आठवू नका, शरीर आठवा. श्वास कुठे अडकला होता? कान कोणत्या बाजूला लागले होते? त्या क्षणी प्रत्यक्ष काही घडत होतं, की काहीतरी घडेल म्हणून तुम्ही वाट पाहत होता?

*

रानात जाण्याआधी बुद्धांनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी स्वतःची झडती घेतली. ज्यांचं वागणं, बोलणं, उपजीविका स्वच्छ नाही, ज्यांच्या मनात हाव किंवा द्वेष आहे, जे सुस्त आहेत, जे अस्वस्थ आहेत, जे आपली थोरवी गातात आणि दुसऱ्याला कमी लेखतात, ज्यांना लाभाची आणि कीर्तीची ओढ आहे, असे श्रमण-ब्राह्मण रानात गेले की त्या दोषांमुळेच भयाला बोलावून घेतात. अशा सोळा गोष्टी त्यांनी एकेक करून तपासल्या. यातलं माझ्यात काय आहे, हे पाहिलं. जे नाही त्याची खात्री पटली, तसा अरण्यात राहण्याचा धीर वाढत गेला.

पहिल्यांदा वाचताना हा भाग कोरडा वाटतो. अंधाराचा आणि उपजीविकेचा काय संबंध, असं वाटतं. पण एकांतात काही काळ काढलेल्या कुणालाही विचारा. दिवसभर माणसं, कामं, फोन यांच्या गर्दीत जे दबून राहिलेलं असतं ते तिथे तोंड वर काढतं. भावाशी धरलेला अबोला. बुडवलेले पैसे. आजारी मावशीला भेटायला येतो म्हणून सांगितलं आणि गेलोच नाही. कुणाच्या तरी माघारी बोललेलं एक वाक्य. झाडीत खसफस झाली की दचकण्यात या सगळ्याचा वाटा असतो. ज्याचं मन घरी निर्धास्त नाही, त्याला रान निर्धास्त करू शकत नाही.

म्हणून मननाचा पहिला टप्पा घरातच आहे. डोळे मिटा आणि एकच गोष्ट निवडा, अशी की जी सरळ केली तर मनावरचा भार उतरेल. शरमेत बुडून जाण्यासाठी नाही. ती कशी सरळ करता येईल, एवढंच ठरवा. फोन करायचा असेल, पत्र लिहायचं असेल, देणं फेडायचं असेल. ठरलं की तिथेच सोडा. थांबा.

*

आता त्या रात्रींकडे जाऊ. बुद्ध सांगतात की त्यांनी मुद्दाम पक्षातल्या चतुर्दशीच्या, पंधराव्या तिथीच्या आणि अष्टमीच्या रात्री निवडल्या. लोक ज्या रात्रींना जपून असतात, त्याच या. आणि जागाही तशाच, अंगावर काटा आणणाऱ्या: आरामचैत्य, वनचैत्य, वृक्षचैत्य. म्हणजे लोकांनी देवांच्या, यक्षांच्या मानलेल्या राया आणि झाडं.

कोकणात किंवा मावळात वाढलेल्या माणसाला या जागा समजावून सांगाव्या लागत नाहीत. गावाबाहेरची देवराई म्हणजे हेच. वाघजाईची, काळकाईची, भैरवाची. किती तरी रायांत चपला बाहेर काढून शिरायचं, वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही आणि दिवेलागणीनंतर तिथे थांबायचं नाही. आत शिरलं की उन्हाची तिरीप विरळ होते, मनगटापेक्षा जाड गारंबीचे वेल एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेले असतात आणि पायाखाली पानांचा थर इतका जाड की पाऊल रुतावं. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल अभ्यासकांपुढे मांडलं. भोवतालचे डोंगर तुटत गेले तिथेही राईतली जुनी झाडं उभी राहिली, कारण त्यांना हात लावायला माणूस धजावत नव्हता.

हे नीट मनात घ्या. ही झाडं भीतीने राखली. अर्थात भक्तीनेही, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोललात तर दोन्ही एकाच श्वासात येतात. तेव्हा भयाला शत्रू ठरवून त्याच्यापुढे बसू नका. त्याने माणसाचंही पुष्कळ राखलं आहे.

त्या रात्रींत काय झालं, ते सुत्तात फार थोडक्यात आलं आहे. एखादं जनावर जवळून जाई, मोर झाडावरून फांदी पाडी, वारा पाचोळा सळसळवी. आणि मनात येई, आलं, हेच ते भय आलं.

बस, एवढंच. ना पिशाच, ना वाघाची डरकाळी. मोर दिवसभर जमिनीवर चरतो आणि रात्र काढायला उंच झाडावर जातो. मोठ्या नराचं वजन चार ते सहा किलो भरतं. एवढा पक्षी झोपेत कुशी बदलायला सरकला, खालची डहाळी वाळलेली असली, तर ती मोडणार आणि फांद्यांवर आपटत खाली येणार. शांत रात्री तो आवाज केवढा होत असेल! खाली बसलेल्या माणसाच्या छातीत धस्स होतं. वर मोर पुन्हा झोपी गेलेला असतो.

तीन गोष्टी लागोपाठ होतात, इतक्या जवळजवळ की एकच वाटाव्यात. आवाज होतो. शरीर दचकतं. मग मन त्याची कहाणी रचतं. शरीराचं दचकणं आवाज ओळखण्याच्याही आधी होऊन जातं. त्यावर आपला ताबा नाही आणि त्याची लाज वाटण्याचंही कारण नाही. तिसरी पायरी मात्र पाहता येते.

आत्ता जिथे आहात तिथेच पाहा. डोळे मिटून ऐका. पंखा, खालच्या रस्त्यावरची रिक्षा, शेजारच्या कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची. आवाज कानावर येतो आणि लगेच त्याचं नाव येतं. नावापाठोपाठ मत येतं, हा आवडता, हा नकोसा. एखादा आवाज असा येऊ द्या की ज्याला नाव द्यायची घाई तुम्ही केली नाही. तो वाजला आणि विरला, एवढंच. काही मिनिटं असं ऐकत राहा.

*

या सुत्ताचा गाभा पुढे आहे.

बुद्धांच्या मनात प्रश्न उठला, मी कायम भयाचीच वाट पाहत का बसलो आहे? आणि त्यांनी ठरवलं की भय ज्या स्थितीत येऊन गाठेल, त्याच स्थितीत राहून त्याला आवरायचं. चालताना भय आलं तर ते ओसरेपर्यंत उभं राहायचं नाही, बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही, चालतच राहायचं. उभं असताना आलं तर उभंच. बसलेलं असताना आलं तर बसूनच. पडलेलं असताना आलं तर उठून बसायचंही नाही.

हे वाचायला साधं आहे. करून पाहा म्हणजे कळेल. भीती वाटली की आपण पहिल्यांदा काय करतो? काही ना काही बदलतो. मागे वळून पाहतो, दिवा लावतो, खाकरतो, पाय आखडून घेतो, कुणाला तरी फोन लावतो, रामरक्षा पुटपुटतो. त्या हालचालीने क्षणभर बरं वाटतं आणि मनाची समजूत होते की आपण वाचलो ते या हालचालीमुळे. पुढच्या वेळी ती हालचाल आणखी लवकर हवी असते. आजचे मानसोपचारतज्ज्ञ भीतीवर उपचार करताना हेच समजावतात: टाळत राहिलं की भीती टिकते, आणि तिच्यासमोर पळवाट न शोधता बेताबेताने थांबलं की ती ओसरायला लागते. स्थिती बदलली नाही, आणि तरीही भय आलं तसं गेलं, तर मनाला दुसरंच काहीतरी शिकायला मिळतं. जाणं हा भयाचा स्वभाव आहे, त्याला आपल्या धावपळीची गरज नाही, हे मनाला कळतं.

आता हे सावकाश करू. फार मोठं भय निवडू नका. तपासणीचा यायचा असलेला रिपोर्ट, मुलाची नोकरी, म्हातारपणी आपलं कोण करणार, यांतलं एखादं, मध्यम वजनाचं. ज्यांना जुन्या आघाताची किंवा घाबरेपणाच्या झटक्यांची पार्श्वभूमी आहे त्यांनी हा भाग जाणत्या माणसाच्या सोबतीनेच करावा. त्यात कमीपणा नाही.

तो विचार येऊ द्या. त्याची कहाणी पुढे नेऊ नका, तो शरीरात कुठे उतरला ते पाहा. पोटात गोळा, घशाशी आवळ, तळहाताला घाम. आता एक ओढ येईल. हात मोबाइलकडे जाईल. मांडी बदलावीशी वाटेल. मन लगेच उपाययोजना करू लागेल. तीही एक हालचालच. हलू नका. हात जिथे आहे तिथेच राहू द्या. श्वास जसा चालला आहे तसा, त्याला लांब करण्याचाही खटाटोप नको. दहा श्वास इथेच राहा.

धडधड चढेल, एका उंचीवर रेंगाळेल, मग उतरू लागेल. विचाराने तिला खाऊ घातलं नाही तर शरीराला ती फार वेळ तशीच टिकवता येत नाही. आज उतरली नाही तरी हरकत नाही. कुठे बसली होती ते तुम्ही पाहिलं.

*

घरातलं हे बसणं काही दिवस झालं की बाहेर जा. सुरुवात दिवसाउजेडी, ओळखीच्या टेकडीवर, अर्ध्या तासाने. देहूच्या आसपासचे भामचंद्र, भंडारा, घोरवडेश्वर हे डोंगर वारकरी परंपरेने तुकोबांच्या एकांताशी जोडलेले आहेत. तिथे आजही दुपारी शांत कोपरा सापडतो. भाज्याला, बेडशाला गेलात तर चैत्यगृह पाहून परतू नका. भिक्षूंच्या खोल्यांत जा. एक माणूस जेमतेम मावेल एवढी कोठडी, भिंतीलगत कोरलेला दगडी ओटा, बस्स. दोन हजार वर्षांपूर्वी पावसाळ्यात इथे कुणीतरी रात्रभर पाण्याचा आवाज ऐकत आडवं झालं असेल. त्या कोठडीत थोडा वेळ बसा. दगडाचा गारवा पाठीला लागू द्या.

मग तिन्हीसांजेची वेळ घ्या. उघड्या कातळावर बसा, पाचोळ्यात नको. पायात बूट हवेत. कुठे चाललो आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून जा. सह्याद्रीत नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत आणि मण्यार तर रात्रीच फिरते. तेव्हा चालताना टॉर्च लागलीच पाहिजे. बिबट्याचा वावर असलेल्या भागात अंधारात एकटं बसू नये. गावाची देवराई असेल तर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय रात्री आत पाऊल टाकू नये.

आणि बायकांसाठी वेगळं सांगते. आपल्याला रानात वाटणारी भीती बहुतेक वेळा जनावराची नसते, माणसाची असते. ती खोटी नाही. तिला मनाचा दुबळेपणा म्हणून दामटून बसवू नका. ओळखीच्या बाईला शंभर पावलांवर बसायला सांगा, दोघींचा एकांत त्याने मोडत नाही.

हे सगळं मननाबाहेरचं वाटेल, पण नाही. त्याच सुत्तात स्थितीच्या नियमानंतर लगेच बुद्ध एक वेगळीच गोष्ट काढतात. काही श्रमण-ब्राह्मण दिवस असताना रात्र समजतात आणि रात्र असताना दिवस. तो त्यांचा मोह, असं बुद्ध म्हणतात. मी रात्रीला रात्र जाणतो, दिवसाला दिवस. टीकाकारांनी याचा अर्थ ध्यानातल्या अनुभवांच्या अंगाने लावला आहे. मी तो भयाच्याच ओघात वाचते. पाचोळ्यातली घोणस न मानणं म्हणजे रात्रीला दिवस म्हणणं. मोराच्या फांदीला पिशाच म्हणणं म्हणजे दिवसाला रात्र म्हणणं. शहाणपण या दोन्हींतून वाट काढत जे आहे ते पाहण्यात आहे, आणि अशी नजर घराच्या दिवाणखान्यात फारशी तयार होत नाही.

कातळावर बसलात की टॉर्च विझवा. पहिली काही मिनिटं काहीच दिसणार नाही आणि बोट पुन्हा बटणावर जाईल. हीच ती हालचाल. बोट आवरा. अंधारात पाहण्याचं काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना पूर्ण जागं व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, आणि एकदा टॉर्च लागली की ती सगळी तयारी वाया जाते. टॉर्चच्या प्रकाशात वाटोळा तुकडा लख्ख दिसतो खरा, पण त्याच्या बाहेरचं सगळं रान काळ्या भिंतीसारखं होतं आणि भीती त्या भिंतीमागे जाऊन बसते. तुम्ही काही केलं नाही, तर काळोख आपणहून उकलतो. आधी आभाळाची कड. मग झाडांचे शेंडे. मग समोरची वाट, पांढुरकी. एखाद्या काळ्या आकाराकडे रोखून पाहिलं तर तो नाहीसा होतो आणि किंचित बाजूला पाहिलं तर पुन्हा दिसतो, कारण नजरेच्या अगदी मध्यभागी या रात्रीच्या पेशी नाहीतच. ज्याची भीती वाटते त्याकडे थोडं बाजूने पाहायला शिका. ते करवंदीचं झुडूप निघतं.

आवाजही तसेच उलगडतात. रातकिड्यांची किरकिर एकसारखी वाटते, पण ती मध्येच थांबते. का थांबली? कुणीतरी जवळून गेलं असेल. थांबू द्या. दूरवर टिटवी ओरडते. रातवा चक्-चक्-चक् करत बसतो. अचानक भेकर भुंकतं आणि तो आवाज ठाऊक नसेल तर काळीज तोंडाशी येतं. हीच वेळ. बसला आहात तसेच बसा. शरीर दचकलं, ते होणारच. कहाणी सुरू होईल, तिला पाहा. पुढचा श्वास घ्या, त्याच्या पुढचाही. भेकर पुन्हा भुंकतं आणि या वेळी ते भेकर असतं.

सुत्तात यापुढे फार मोठा प्रवास आहे. भय ओसरल्यावर न खचणारा उत्साह, जागी स्मृती, शांत झालेलं शरीर, चार ध्यानं आणि एका रात्रीच्या तीन प्रहरांत उमललेल्या तीन विद्या. त्या उंचीविषयी मी बोलणार नाही. मला एवढंच महत्त्वाचं वाटतं की त्या प्रवासाची पहिली पायरी म्हणून बुद्धांनी पाचोळ्याच्या आवाजाला दचकणारा माणूस दाखवला, आणि तो तिथून हलला नाही हे सांगितलं. ज्ञान नंतर आलं, पण आलं ते न हललेल्या त्याच माणसाला.

हे सगळं मराठीत आणणारे धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचं घर सोडून सिलोनपर्यंत गेले, भिक्षू झाले, पाली शिकले. त्या वाटेवर त्यांनाही किती अंधाऱ्या रात्री भेटल्या असतील, हे मनात आलं की या ओळींविषयीचा आदर आणखी वाढतो.

*

शेवटी बुद्ध जाणुस्सोणिच्या मनातली शंका स्वतःच बोलून दाखवतात. तुला वाटेल, श्रमण गोतमाचं अजून काहीतरी उरलं असावं, म्हणूनच तो अजून रानात राहतो. तसं नाही. दोन गोष्टी पाहून मी अरण्यात राहतो. एक, तिथलं सुखाचं राहणं. दुसरी, मागून येणाऱ्यांविषयीची करुणा.

पहिलं कारण तुम्हाला कातळावर कधीतरी आपोआप समजेल. दुसऱ्यापाशी आत्ता थोडं थांबा. तुमच्या मागून कोण येतं आहे? घरातलं लहान मूल, भाचा, नात, शाळेतली मुलं, कुणी असेल. रात्री वाऱ्याने खिडकी आपटते तेव्हा ते मूल आधी खिडकीकडे पाहत नाही, तुमच्या तोंडाकडे पाहतं. तुम्ही काय सांगता ते नंतर. तुमचा हात कुठे गेला, श्वास कसा झाला, हे त्याने त्याआधीच पाहिलेलं असतं.

त्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. त्याच्याजवळ बसला आहात असं समजा. खिडकी आपटू द्या. जिथे आहात तिथेच राहा, दहा श्वास. मग उठून खिडकी लावा.